माफी मागायचा राहिलेला पाडा

अब्बांना जाऊन दोन महिने होऊन गेले. चाळिसाव्याचं जेवण झालं, माणसं आपापल्या घरी गेली, मशिदीची मोठी भांडी घासून मशिदीत परत गेली. तरी मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसतो, चार ओळी होतात, की उठून परसदारी जातो. परत येतो तेव्हा टाक कुठे ठेवला तेच आठवत नाही.

नात्यातले लोक म्हणतात, बापाच्या नावाने हज करून ये, त्यांची तेवढीच इच्छा राहिली. आमच्यात नियम असा की दुसऱ्याच्या नावाने हज करणाऱ्याने आधी स्वतःचा केलेला हवा. म्हणजे मला दोनदा जायला हवं. त्याला माझी ना नाही. पण निघण्याआधी जे करायचं असतं, तिथे माझं पाऊल अडतं. ते का अडतं हे सांगायचं तर अब्बांच्या न झालेल्या हजपासून सुरुवात करायला हवी.

आम्ही मणेर, म्हणजे बांगड्या भरणारे. जव्हारमध्ये आमचं घर. अब्बा तट्टावर काचेच्या बांगड्यांच्या माळा लादून मोखाड्याच्या, खोडाळ्याच्या बाजाराला जात आणि बाजार नसेल त्या दिवशी पाड्यापाड्यांवर फिरत. बाईच्या हाताला दुसऱ्या कुणा परपुरुषाने बोट लावलं तर कोयता निघाला असता, पण मणेराने हात धरला तर त्यात कुणाला काही वाटत नसे. बायका त्यांना मणेरमामा म्हणत. हात पाण्यात भिजवायचा, अंगठा तळव्यात दुमडून घ्यायचा, बोटांची पेरं एकेक दाबत बांगडी वर सरकवायची आणि बाईचं लक्ष दुखण्याकडे जाऊ नये म्हणून सारखं बोलत राहायचं, ही त्यांची विद्या. घरी अब्बा फार बोलत नसत. सगळं बोलणं बाजारात खर्च होऊन जाई.

हजला जायचं त्यांनी कितीतरी वर्षं मनात धरलं होतं. त्या वर्षी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजात जागा नक्की झाली. मी जव्हारच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. गौरी-गणपती होऊन गेले आणि अब्बा माफी मागायला निघाले.

ही आमच्याकडची रीत. अल्लाहचं जे चुकलं असेल ते अल्लाह माफ करील, पण माणसाचं जे चुकलं असेल ते त्या माणसानेच माफ करायचं. म्हणून हजला निघणारा आधी ओळखीच्या प्रत्येक दारात जातो आणि म्हणतो, कह्यासुन्याची माफी द्या, म्हणजे बोलाचालीत काही दुखावलं असेल ते पोटात घाला. दुकानदार चार गल्ल्या फिरला की मोकळा होतो. पण अब्बांनी उभ्या आयुष्यात किती हात धरले होते! ते रोज सकाळी रिकामं तट्टू घेऊन निघत. पाड्यावरच्या बायकांना आधी काही कळेच ना. मणेरमामा आला आणि बांगड्या नाहीत? मग त्या हसत. एक म्हातारी म्हणाली होती, "माफी कसली मागतोस? माझा चुडा वाढवला तोही तूच, आता मी वर जायच्या आधी एक जोडी फुकट दे, म्हणजे फिटलं." अब्बांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अम्मा म्हणाली, "लोक मक्केहून खजूर आणतात, तुम्ही जायच्या आधीच बांगड्या वाटत सुटा."

शेवटी एकच पाडा राहिला. मोखाड्याहून खोडाळ्याच्या वाटेला लागलं की दोन तासांवर, ओढ्यापलीकडे. तो अब्बांनी मुद्दाम मागे ठेवला होता. का, ते मला ठाऊक होतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी, लग्नसराईच्या दिवसांत, खोडाळ्याच्या बाजारात फार गर्दी होती. त्या पाड्यावरची एक बाई हात पुढे करून बसली. हाड मोठं, कामाने घट्ट झालेला हात. अब्बांनी घाई केली. हात पुरता भिजू दिला नाही, लहान मापाची बांगडी रेटली. ती फुटली आणि काच अंगठ्याच्या बुडाशी शिरली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मागे बायका खोळंबल्या होत्या, तेव्हा आपली चूक झाकायला अब्बा म्हणाले, "हा हात आहे का नांगराचा फाळ?" सगळा बाजार हसला. बाईने अंगठ्याला पदर गुंडाळला आणि उठून गेली. पुन्हा ती कधी आली नाही. दुसऱ्या बायकांकडून अब्बांना पुढे कळलं की जखम भरली पण अंगठा मिटत नाही, तिला विळा धरता येत नाही. भात कापता येत नाही अशा बाईचं पाड्यावर काय होत असेल, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या पाड्यावर जायच्या आदल्या दिवशी मोखाड्याकडून खबर आली. त्याच पाड्यावर उंदीर पडले होते. दोन माणसं काखेत गाठ येऊन गेली होती आणि बाकीचे घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते. संस्थानच्या दरबाराकडून दवंडी पिटली गेली, शाळेला सुटी मिळाली, जव्हारात घरोघरी चुना मारायचं काम सुरू झालं.

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर त्याचाच वाद. आमचे अत्तरवाले चाचा तावातावाने म्हणाले, "रोग काय पायांनी चालत येतो? ज्याच्या नशिबी आहे त्याला होणार. एकाचा दुसऱ्याला लागतो असं मानणं हाच मुळी कच्चा इमान."

मौलवीसाहेब वजूच्या हौदावर पाय धूत होते. ते तिथूनच म्हणाले, "असं असेल तर परवा तुमच्या शेळीला खरूज झाली तेव्हा ती दावणीतून काढून माझ्या अंगणात का बांधलीत?"

सगळे हसले. चाचाही हसले, पण ऐकेनात. मग मौलवीसाहेब आत गेले आणि कपाटातून एक उर्दू पुस्तक आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचा. माझं हे ऐकत नाहीत, छापलेलं ऐकतील."

मी वाचलं. अब्बा शेजारी बसले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होते. पैगंबरसाहेबांची शिकवण अशी होती: एखाद्या मुलखात प्लेग आहे असं ऐकाल तर तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथेच तो आला तर त्याच्या भीतीने तिथून पळू नका. पुढे पैगंबरांनंतरच्या दुसऱ्या खलिफांची हकीकत होती. ते शामच्या, म्हणजे सीरियाच्या वाटेवर असताना पुढे साथ आहे असं कळलं आणि ते अर्ध्या वाटेतून परत फिरले. कुणीतरी टोकलं की अल्लाहने नेमलेल्यापासून पळता का, तेव्हा ते म्हणाले की हो, अल्लाहने नेमलेल्याकडून अल्लाहने नेमलेल्याकडेच जातो.

मला त्या वेळी खरंच हायसं वाटलं. अब्बांना आता त्या पाड्यावर जाता येणार नाही, आणि हे मी म्हणत नाही, पुस्तक म्हणतं. घरी येताना मी तसं बोलूनही दाखवलं. अब्बा म्हणाले, "जायचं नाही ते खरं. पण ओढा पाड्याच्या बाहेर आहे. अलीकडच्या काठावरून हाक मारली तर ते जाणं होत नाही." मी बरोबर निघालो. पुस्तक पिशवीत घेतलं होतं. वाटेत पुन्हा समजावायची वेळ आली तर असावं म्हणून.

ओढ्याला मांडीभर पाणी होतं. पलीकडे नागली उभी होती, तिच्या मागे माळावर पळसाच्या पानांनी शाकारलेल्या दहाबारा झोपड्या. आम्हाला बघून माणसं बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. अब्बांनी हाक मारून त्या बाईबद्दल विचारलं. ती पुढे आली. पन्नाशीची असेल, उंच. हातात एकही बांगडी नव्हती, काचेची नाही की पितळेची नाही.

अब्बांनी दोन्ही हात जोडले आणि ओरडून म्हणाले, "बाई, मी हजला चाललोय. त्या दिवशी बाजारात माझं चुकलं. हातही मोडला आणि वर तुला हसलो. माफी दे."

"ऐकू नाय येत," बाई म्हणाली.

ती हळू बोलली होती, तरी तिचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू आला होता. अब्बांनी पुन्हा सगळं ओरडून सांगितलं.

"नाय ऐकू येत रं, मणेरा. हसलास तेव्हा लांबून हसला होतास का?"

मागे कुणीतरी हसलं. मी अब्बांची बाही धरली. "अब्बा, झालं. तुम्ही मागितलीत, तुमच्याकडून पुरं झालं. खलिफासुद्धा परत फिरले होते."

"खलिफांचं त्या गावात कुणाचं देणं नव्हतं," अब्बा म्हणाले. त्यांनी वहाणा काढून माझ्या हातात दिल्या, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले.

मी अलीकडेच उभा राहिलो. एका हातात वहाणा, खांद्याला पुस्तकाची पिशवी. त्या दोघांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. बाईने अंगठा पुढे केलेला दिसला. अब्बांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बांगडी भरताना बघत तसं वाकून बराच वेळ बघितला. बाई काहीतरी बोलली. अब्बांनी मान हलवली. मग ते पाण्यापर्यंत परत आले आणि तिथेच थांबले.

"वहाणा फेक इकडे," म्हणाले.

"तुम्ही या ना अलीकडे."

"मला आता येता येत नाही. तूच वाचलंस ना?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. पान सापडेना. पुढच्याच पानावर होतं: पळण्यासाठी नाही, दुसऱ्या कामासाठी कुणी बाहेर पडला तर त्याला दोष नाही. मी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणालो, "अब्बा, तुम्ही पळत नाही आहात. तुम्ही हजला चालला आहात. फर्ज आहे. जहाज थांबणार नाही."

अब्बांनी वळून बघितलं. मागे एका झोपडीत कुणीतरी कण्हत होतं. मग ते म्हणाले, "मी भ्यालोय रे. तिथे आत एक पोर पडलंय, ते दारातून दिसलं आणि पळावंसं वाटलं. आता या पाण्यातून अलीकडे आलो, तर मला कोण घेऊन आलं, हज की ही भीती, हे मला कसं कळायचं? तुझ्या पुस्तकात आहे का ते?"

ते पुस्तकात नव्हतं. मी वहाणा फेकल्या. एक काठावर पडली, एक पाण्यात. ती वाहून जाण्याआधी बाईने उचलली.

मोखाड्यात माझी आतेबहीण दिलेली होती. मी तिच्याकडे राहिलो आणि एक दिवसाआड भाकऱ्या, मीठ, चुना, कधी दवाखान्यातून मिळालेलं औषध असं फडक्यात बांधून ओढ्यावर नेऊ लागलो. अलीकडच्या काठाला एक सपाट दगड होता, त्यावर ठेवायचं आणि मागे सरून हाक मारायची. वाटेत जाताना मी मोजत असे, आज मुंबईला पोचायला हवं होतं, आज कपडे वाफेत घालून तपासणी झाली असती, आज जहाज सुटलं. परत मोखाड्याला आलो की अंगणात फेऱ्या मारत राही. आतेबहीण म्हणे, "मास्तर, जमीन झिजेल. एक तर जा तिकडे, नाहीतर बस तरी." मला दोन्ही जमत नव्हतं. जव्हारला अम्मा काय म्हणत असेल ते तर मनातही आणवत नव्हतं.

अब्बा दिसायचे. कधी पाणी भरताना, कधी झोपडीच्या दारात कुणाला टेकू देऊन बसवताना. दोन वेळा माळाच्या टोकाला खड्डा खणताना दिसले. आजारी पडले नाहीत. दिवाळी झाली, तोवर भात पिवळं पडलं. माळावर नवं दुखणं येणं थांबलं होतं, पण अब्बा अजून निघत नव्हते.

हाजी ज्या मुख्य दिवशी मक्केबाहेर अरफातच्या मैदानात उभे राहतात, त्या दिवशी मी ओढ्यावर होतो. वाटलं होतं, आज अब्बा पश्चिमेकडे तोंड करून रडत बसले असतील. ते भात कापत होते. बाईच्या शेतात, वाकून, विळा हातात. मणेराच्या हाताला विळ्याची सवय नाही. चार मुठी कापल्या की कंबर धरून उभे राहात. बाई मागून पेंढ्या उचलत होती आणि ओरडत होती, "बुडातून काप, मणेरा! हा विळा आहे का बांगडी?" ती हसत होती. अब्बाही हसत होते.

बकरी ईद झाली आणि मग ते जव्हारला आले. अम्मा दारातच म्हणाली, "आले का हाजी?" आणि आत जाऊन रडली. अब्बा कधी या गोष्टीबद्दल बोलले नाहीत. पुढच्या वर्षी विलायतेत लढाई पेटली, जहाजांचा भरवसा राहिला नाही. लढाई संपेपर्यंत अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांच्या जागी मी जातो म्हणालो, तर म्हणत, "मी आहे तोवर माझ्या जागी दुसरा नको." आणि या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. चार दिवस ताप होता, बाकी काही नाही.

मला टोचत होतं ते एकच. त्या बाईने माफी दिली होती का? अब्बांनी कधी सांगितलं नाही. दिली नसेल, तर मी त्यांच्या नावाने काब्याला सात नाही सातशे फेरे घातले तरी काय? म्हणून चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोखाड्याला गेलो आणि तिथून पुढे ओढ्यावर.

ओढा कोरडा होता. तो सपाट दगड अजून तिथेच. बाई पाड्यावर, आपल्या घराच्या ओट्यावर नागली पाखडत होती. म्हातारी झाली होती. मला तिने ओळखलं नाही. मणेराचा मुलगा म्हटल्यावर सूप खाली ठेवलं. अब्बा गेल्याचं सांगितलं. ती आत गेली आणि पाणी घेऊन आली.

मी विचारलं, त्या दिवशी तिने काय सांगितलं होतं.

"त्या दिवशी नाय दिली माफी," ती म्हणाली. "म्हटलं, घरात नातू पडलाय आणि तू देवाला चाललास? भात कोण कापील माझं? तू मोडलास अंगठा, तू काप. रागाने म्हटलं. तो जाईल असंच वाटलं होतं."

"आणि मग?"

"नातू नाय राहिला. तुझ्या बापानेच उचलून नेला. मग भातही कापलं. वाकडंतिकडं कापलं, निम्मं बूड शेतातच ठेवलं." ती हसली. "माफी काय, भारा बांधला त्या दिवशीच दिली. खळ्यावर दिली. तुला नाय सांगितलं त्याने?"

मी नाही म्हणून मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. उठणार, इतक्यात ती माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"म्हणजे भाकरीवाला तूच! दगडावर फडकं ठेवायचास आणि पळायचास. पोरं वाट बघत बसायची, मास्तर कधी पळतो म्हणून. दुखण्यातसुद्धा हसायची. माझा नातू तर पडल्यापडल्या तुझी नक्कल करायचा, फडकं ठेवायचा आणि दोन बोटं अंथरुणावर पळवायचा, दमेपर्यंत."

ती हे चिडून म्हणत नव्हती. तिला खरोखरच हसू येत होतं. मी मात्र पुन्हा खाली बसलो. भाकऱ्या पोचवल्या हे मी इतकी वर्षं माझ्या बाजूला धरलं होतं. पुस्तकाप्रमाणे वागलो, आत गेलो नाही, यात चूक नव्हती. मौलवीसाहेबांना विचारलं तर आजही ते तेच सांगतील. पण अब्बांनी मला जे विचारलं होतं ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मला त्या काठावर कुणी उभं केलं होतं, पुस्तकाने की भीतीने? आणि माझ्या पळण्याकडे बघून एक पोर हसत होतं, ते पुढे राहिलं नाही, त्याचं नावही मी कधी विचारलं नाही.

मी म्हणालो, "बाई, मीही हजला जाणार आहे. मला माफी द्या."

तिने सूप पुन्हा उचललं. "कधी जाणार?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरलं की ये. आजच कशाला? तुझ्या बापासारखा निघायच्या तोंडावर ये. भात असलं तर कापून घेईन, नसलं तर बघू." तोंडाने फुंकर मारून तिने कोंडा उडवला. "आणि या बाजूने ये. दगडाशी थांबू नको."

त्याला आता महिना होत आला. जहाजातल्या जागेसाठी मुंबईला मी अजून पत्र टाकलेलं नाही. कागद काढतो, वर तारीख घालतो आणि उठतो. भात पिकायला अजून वेळ आहे. पण बाई फार थकली होती. पाणी देताना तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला होता. खोडाळ्याच्या बाजाराहून जो कुणी येईल त्याला मी वाटेत गाठतो आणि भाव विचारायच्या आधी तिची खबर विचारतो.